आतल्या बाजूचा करडा तुकडा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई धावून नेहमीपेक्षा पाऊण तास आधी परतली. मी संध्या आटोपून ओट्यावर बसलो होतो आणि खरे सांगायचे तर तिचीच वाट पाहत होतो, कारण त्या दिवशी तिच्या तोंडून एखादा प्रसन्न शब्द ऐकायला मिळेल अशी मला आशा होती. ती फाटकातून आत आली तेव्हा उजवा पाय टेकताना कचरत होती. पायरीवर बसून तिने नाडी सोडली, बूट काढला, उलटा केला आणि उगवतीच्या उजेडात त्याचा तळ पाहिला. मग दुसरा काढला. तोही पाहिला. तिच्या चेहऱ्यावरचे तेज ओसरत गेले, ते मी तीन हातांच्या अंतरावरून पाहिले.

"मामंजी," ती म्हणाली, "ह्याचा आतल्या बाजूचा भाग कुठं गेला?"

मी म्हणालो, आणि अगदी समाधानाने म्हणालो, "तो सदोष होता, बाई. मी काढून टाकवला. आता दोन्ही बाजू सारख्या आहेत."

तिने रागवावे, ओरडावे, बूट अंगणात भिरकावावा, असे त्या क्षणी झाले असते तर मला ते सोसता आले असते. तिने फक्त दोन्ही बूट मांडीवर घेतले आणि त्या कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवीत राहिली. काहीतरी फार मोठे माझ्या हातून घडले आहे एवढे मला कळले. काय घडले ते कळेना.

आमचे घर डोंगरकड्याला आहे. वसमतच्या एका शाळेत मी चौतीस वर्षे संस्कृत शिकवले आणि निवृत्तीनंतर गावातच पूजाअर्चा, पाठ आणि एकादशीचे प्रवचन एवढा व्यवसाय ठेवला. मुलगा हळदीच्या व्यापारात आहे. आठवड्याचे चार दिवस त्याचे वसमतलाच जातात. नातवंडे शिकायला बाहेर. घरात उरतो आम्ही तिघे : मी, माझी पत्नी आणि सूनबाई. सूनबाई जवळच्या एका तांड्यावरच्या शाळेत शिक्षिका आहे. चाळिशी ओलांडलेली, मितभाषी, कामाला वाघीण.

ती धावते हे मला घरात कुणी सांगितले नव्हते. दोन वर्षांपूर्वी मी पहाटेच्या एसटीने नांदेडहून येत होतो. वारंगा फाटा मागे पडला आणि रस्त्याच्या कडेने एक बाई पळताना दिसली. माझ्या पुढच्या बाकावरचा एक गृहस्थ खिडकीतून डोके काढून म्हणाला, "आरं, कुणाच्या घराला आग लागली काय? बाई काहून पळून राहिली?" सारी बस हसली. मीही हसलो. बस त्या बाईच्या बरोबरीने आली, मी वळून पाहिले, आणि ती आमची सूनबाई होती. विजार, वर सैल सदरा, केस घट्ट बांधलेले, नजर समोर. माझे हसू ओठांवरच वाळले. पुढचा सारा रस्ता, त्या गृहस्थाने मला ओळखले तर काय सांगावे, याच विवंचनेत मी मान खाली घालून बसलो.

घरी आल्यावर मी तिला म्हणालो, "घरातल्या लक्ष्मीने असा रस्ता मोजू नये."

ती म्हणाली, "डॉक्टरांनी रक्तातली साखर मोजली, मामंजी. म्हणून मी रस्ता मोजते."

एवढेच. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरते बोलू लागली. चहा ठेवलाय. औषध घ्या. कुणीतरी आलंय. तिचे धावणे थांबले नाही आणि माझे मौनही सुटले नाही. पहाटे साडेचारला घरात दोन दिवे लागत, एक देवघरात आणि एक पडवीत. मी आचमन करीत असे तेव्हा ती नाडी बांधत असे. मी मनाशी कबूल करीत नव्हतो, परंतु तिच्या नेमात एक दिवसही खंड पडत नाही हे मी पाहत होतो. आणि नेमाचा मी आयुष्यभर पूजक राहिलो आहे.

गेल्या उन्हाळ्यात मात्र खंड पडला. तिच्या उजव्या पायाची नळी दुखू लागली, हाडाला बारीक चीर निघाली आणि नांदेडच्या डॉक्टरांनी तीन महिने धावणे बंद केले. पडवीतला दिवा लागेनासा झाला. ज्या पावलांच्या आवाजाने मला दोन वर्षे चीड आली होती, त्यांच्यावाचून पहाट रिकामी वाटू लागली, हे मी कुणाला सांगितले नाही. मग पावसाळ्यात नवे बूट आले आणि ती पुन्हा धावू लागली. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर तिने दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवाराभोवती लाल वर्तुळ काढले. हिंगोलीत एकवीस किलोमीटरांची धाव होती आणि तिने तीत नाव घातले होते. ती सासूशी बोलत होती ते मी देवघरातून ऐकले :

"आत्याबाई, आजवर जे जे केलं ते कुणाची तरी लेक, कुणाची तरी सून, कुणाची तरी आई म्हणून केलं. ही एकवीस किलोमीटरं तेवढी माझी. ती पुरी करायचीत मला."

या वाक्याने मला वितळवले. आणि त्या वितळण्यातूनच अनर्थ झाला.

खंडेनवमीला आमच्या घरी प्रत्येकाचे साधन पूजेला लागते. माझ्या पोथ्या आणि दौत, मुलाची पोत्यातून हळदीचा नमुना काढायची परखी, पत्नीची विळी आणि पाटा-वरवंटा. सूनबाई दरवर्षी खडूंची पेटी ठेवते. या वर्षी मी ठरवले की तिचे धावण्याचे बूट पाटावर ठेवायचे. ज्याने मनुष्य आपला नेम चालवतो ते त्याचे आयुध. मग ते चामड्याचे असो की रबराचे. सासऱ्याने सुनेच्या पायताणाला हात लावणे आमच्या पिढीत कुणी स्वप्नातही पाहिले नसेल. पण बोलून जे मला जमत नव्हते ते मला करून दाखवायचे होते. तिला न सांगता.

अष्टमीला ती शाळेत गेल्यावर मी बूट उचलले. पहिल्या स्पर्शाला हात थबकला. मग ओल्या फडक्याने वरचे कापड पुसले, नाड्या धुतल्या, आणि तळ पुसण्यासाठी बूट उलटा केला. तेव्हा मला तो तुकडा दिसला. टाचेपासून पावलाच्या मध्यापर्यंत, आतल्या बाजूने, पांढऱ्या तळात करड्या रंगाचा एक वेगळाच पदार्थ बसवलेला होता. मी दाबून पाहिले. पांढरा भाग अंगठ्याखाली दबत होता, करडा दगडासारखा घट्ट. दोन्ही बुटांना तसेच.

मला संताप आला. एवढ्या किमतीचा जोड, आणि दुकानदाराने ठिगळ लावलेला माल गळ्यात मारला! ही बिचारी त्यावर रोज धावते आणि तिला कळतही नाही. शिवाय दुसरी अडचण माझ्या शास्त्राची होती. भंगलेले वा ठिगळाचे साधन पूजेस ठेवत नाहीत. आधी ते दुरुस्त करून अखंड करावे लागते. समत्वावर मी किती प्रवचने केली असतील याची गणती नाही. अर्धा तळ कठोर आणि अर्धा मृदू असलेली वस्तू माझ्या पाटावर कशी शोभावी?

मी बूट पंच्यात बांधले. पत्नी दारात उभी होती.

"अहो, सुनेचे जोडे पंच्यात बांधून कुठं निघालात? लोक म्हणतील, म्हातारा आता पळायला शिकतोय!"

"दुरुस्त करायला," मी म्हणालो.

"तिला विचारलंत?"

"दुरुस्तीला कुणी नको म्हणते का?"

वारंगा फाट्यावर पंक्चर काढणाऱ्याच्या शेजारी पत्र्याच्या छपराखाली एक म्हातारे कारागीर जोडे शिवतात. माझ्या वहाणा गेली तीस वर्षे त्यांच्याकडेच जातात. माझी तिथली रीत ठरलेली : वहाणा समोर ठेवायच्या, शेजारच्या हॉटेलच्या बाकावर जाऊन बसायचे, झाल्या की घालून निघायचे. त्या माणसाच्या हातांकडे मी तीस वर्षांत एकदाही पाहिले नव्हते.

त्यांनी बूट हातात घेतले. "हे कुणाचं, गुरुजी?"

"सुनेचे."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले, बुटाकडे एकदा, आणि पुन्हा माझ्याकडे. मग तळ दाबला. "आतल्या अंगानं कडक हाय. भायेरून नरम."

"तेच तर! तो करडा तुकडा कापून काढा आणि तिथे दुसऱ्या बाजूसारखाच नरम स्पंज बसवा. समतल झाले पाहिजे."

"कंपनीनं काहून लावलं असंल पन हे? दोनी पायाला बराबर एकाच जागी हाय."

"लबाडी. उरलेला माल कुठेतरी खपवायचा."

त्यांनी दुसरा बूट उलटा करून पाहिला. "बाईला इचारलं का तुमी?"

"पूजेला ठेवायचे आहेत. त्यात विचारायचे काय?"

त्यांनी पुन्हा एकदा अंगठ्याने तो तुकडा चाचपला आणि कातडे कापायची रापी उचलली. "तुमी म्हनता तर," ते म्हणाले. मी बाकावर जाऊन बसलो.

नवमीला पहाटे सूनबाई न्हाऊन देवघरात आली तेव्हा तिचे बूट पाटावर होते. हळद, कुंकू, झेंडूचे एकेक फूल. ती दारातच थांबली. "मामंजी, तुम्ही हात लावलात ह्याला?" असे म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. दोन वर्षांनी प्रथमच तिने माझ्या पायांवर डोके ठेवले. पूजेतली साधने दसरा होईपर्यंत आम्ही उचलत नाही. म्हणून तिने ते बूट उचलले नाहीत, उलटे केले नाहीत. त्या दोन दिवसांत ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलली, हसली, भाजीत मीठ कमी झाले का म्हणून विचारले. ते दोन दिवस आठवले की मला आजही मान वर करवत नाही. मी तिचा पाय कापून ठेवला होता आणि ती माझे आभार मानत होती.

दसऱ्यानंतरच्या त्या सकाळी, मी ओट्यावरून उठून तिच्यापाशी गेलो तेव्हा ती आत जाऊन कपाटातून एक जाड कागद घेऊन आली. कागदावर ओल्या पावलाचा ठसा उमटवून त्याच्या कडेने पेन्सिल फिरवली होती. शाळेत मुलांना समजावावे तसे ती मला समजावू लागली. आवाज सपाट होता.

"हा माझा पाय. बघा, मधे कमान न्हाई. सगळा तळवा जमिनीला टेकतो. प्रत्येक पावलाला पाय थोडा आत कलतोच, सगळ्यांचाच. माझा फार कलतो. त्याला ओव्हरप्रोनेशन म्हणतात. पाय आत पडला की नळी पिळली जाते, गुडघा पिळला जातो. एकवीस किलोमीटरात किती हजार वेळा ते तुम्हीच मोजा. म्हणून हे वेगळे बूट. स्टॅबिलिटीचे. आतल्या बाजूनं कडक असतात, पाय कलायला लागला की ते धरून ठेवतात." तिने बूट उचलला. "तो करडा तुकडा म्हणजेच बूट होता, मामंजी. बाकीचं नुसतं वेष्टन."

मी त्या कागदाकडेच पाहत राहिलो. आणि मग दुसरा आघात झाला, कारण तो ठसा मी पूर्वी पाहिला होता.

माझ्या नजरेचा अर्थ पत्नीने ओळखला असावा. ती आत गेली आणि पेटीतून एक घडी घातलेले पांढरे धोतर घेऊन आली. बावीस वर्षांपूर्वी सूनबाईने उंबरा ओलांडला तेव्हा कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून ती याच धोतरावरून चालली होती. फिकट तांबूस पावले अजून शाबूत होती. भरलेली, टाचेपासून बोटांपर्यंत अखंड. त्या दिवशी मीच सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो होतो की संपूर्ण तळवा भूमीला टेकणारे पाऊल सामुद्रिकात शुभ सांगितले आहे, घरात लक्ष्मी आली. बायकांनी माना डोलावल्या होत्या. पत्नीने ते धोतर कागदाशेजारी पसरले. दोन्ही ठसे एकच होते. ज्या लक्षणाला मी आशीर्वाद दिला होता तेच तिच्या हाडाला पीळ घालत होते, आणि त्या पिळाला अडवणारी एकुलती एक वस्तू मी रापीखाली घातली होती.

"आता?" मी विचारले.

तिने दुकानात फोन लावला. त्या मापाचा जोड दिवाळीनंतर. दुसऱ्या दुकानात लावला. त्यांच्याकडे तसला बूटच नव्हता. मग तिच्या पायावर उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंना लावला. पलीकडचे शब्द मला ऐकू आले नाहीत, पण तिची उत्तरे ऐकली : "हो... दोनच किलोमीटर... हो, तीच जागा... न्हाई, नुसतं दुखतंय." फोन ठेवून ती म्हणाली, "पाच दिवस पूर्ण विश्रांती. ह्या बुटांनी एक पाऊलही धावायचं न्हाई. हाड आत्ताच कुठं भरलंय, पुन्हा चिरलं तर वर्ष जाईल." मग ती दिनदर्शिकेपाशी गेली. लाल वर्तुळ पुसेल असे मला वाटले. ती नुसती पाहत उभी राहिली आणि शाळेची पिशवी घेऊन निघून गेली.

मी दुपारचे जेवण न घेता वारंगा फाट्याला गेलो.

"ते तुकडे आहेत का?" मी विचारले.

त्यांनी काहीही न विचारता एक पत्र्याचा डबा उघडला. करडे तुकडे त्यात होते. चार ठिकाणी चिरलेले, कडा उडालेल्या. "जपून ठेवलेत. मला वाटलंच व्हतं तुमी येनार म्हनून. पन ह्यो फोमचा माल हाय गुरुजी. एकदा रापी चालली की मेला. चिकटवला तरी धावताना निघंल."

मला वाटलंच होतं, हे त्यांचे शब्द माझ्या कानात अडकले. "तुम्हाला माहीत होते?"

"काय ते माहीत न्हवतं. पन येगळ्या-येगळ्या दोन जातीचा माल उगंच कुनी लावत न्हाई, एवढं कळतं."

"मग मला सांगितले का नाही?"

"इचारलं की म्या. बाईला इचारलं का, म्हनून. तुमी काय म्हनलात?"

ते उठले, माझ्या पायांकडे बोट दाखवून म्हणाले, "काढा ती वहान."

मी काढली. त्यांनी ती उलटी करून माझ्या डोळ्यांसमोर धरली. टाचेच्या आतल्या कडेला, तळाच्या चामड्याखाली, बोटभर रुंदीची एक जादा पट्टी शिवलेली होती. बाहेरच्या कडेला नव्हती. दुसऱ्या वहाणेलाही तशीच.

"ही काय आहे?"

"तुमचा पाय आत पडतो, गुरुजी. तुमी पहिल्यांदा वहाना आनल्या तवाच बघितलं, आतली कड सगळी खाऊन गेलती. तवापासून दर जोडाला ही पट्टी लावतो. तीस सालं झाली. न्हाई लावली तर तुमचे गुडघे गेले असते."

प्रवचनाला उभा राहिलो की श्रोत्यांना मी अभिमानाने सांगत असे, या वयातही मी ताठ चालतो, कारण आचरण सरळ असेल तर चाल सरळ राहते. आणि माझी ती सरळ चाल तीस वर्षे या माणसाने बोटभर कातड्यावर तोलून धरली होती.

"कधी बोलला नाहीत," मी म्हणालो.

"तुमी कदी इचारलं न्हाई. अन् सांगावं तर काय, गुरुजींचा पाय वाकडा हाय म्हनून? तुमी तकडं बाकावर बसायचे." ते हसले. त्या हसण्यात डंख नव्हता, म्हणून ते अधिक लागले. मग ते म्हणाले, "वहानेला जमतं ते बुटाला जमंल का, सांगता येत न्हाई. पन पाय बघावा लागंल. बाईलाच आना."

संध्याकाळी मी सूनबाईला समोर बसवले. मी त्या पट्टीसकट सगळे सांगितले. तिने माझ्या वहाणा उलट्या करून पाहिल्या आणि तिला हसू आवरेना. "म्हणजे मामंजी, तुम्ही इतकी वर्षं स्टॅबिलिटीच्या वहाणा घालून फिरताय!" मग हसणे थांबले आणि ती म्हणाली, "येते मी."

विश्रांतीचे पाच दिवस संपल्यावर आम्ही दोघे गेलो. कारागिरांनी तिला अनवाणी पुढच्या वळणावरच्या टायरच्या दुकानापर्यंत हळू धावत जाऊन यायला सांगितले, आणि स्वतः कुशीवर आडवे होऊन, गाल जवळजवळ धुळीला टेकवून पाहू लागले. पंक्चरवाला ओरडला, "काय बाबा, झोप लागली काय?" "गप रं," ते म्हणाले, "पाय बघून राहिलो." मी त्यांच्याशेजारी पोत्यावर बसलो आणि त्यांच्या नजरेच्या रेषेतून पाहिले. तेव्हा मला ते दिसले. टाच टेकली की पाऊल घरंगळल्यासारखे आत पडे, घोटा त्याच्यामागे जाई, आणि गुडघा आतल्या बाजूला वळे. दर पावलाला. दोन वर्षे ही स्त्री माझ्या घरातून निघून असे पडत-पडत धावत होती आणि मला तिच्या अंगावरची विजार तेवढी दिसली होती.

त्यांनी नरम स्पंज उपसून काढला आणि जाड कातड्याचे थर एकावर एक रचून, आतल्या बाजूला उंच आणि मध्याकडे उतरती अशी पाचर बसवली. चिकटवली आणि वरून शिवली. सूनबाई दुसऱ्या दिवशी दोन किलोमीटर धावली, तिसऱ्या दिवशी पाच. नळी गप्प राहिली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी ऐकले तेव्हा त्या फोनवर बराच वेळ बोलत होत्या. शेवटी सूनबाई म्हणाली, "वचन देते. पहिली कळ आली की थांबेन."

रविवारी उजाडता-उजाडता आम्ही हिंगोलीच्या मैदानावर होतो. मुलगाही आला होता. सुरुवातीच्या गर्दीत मला तिची पाठ क्षणभर दिसली आणि मग दिसेनाशी झाली. मी मैदानाच्या फाटकाशी उभा राहिलो आणि जपाला बसावे तसा पावले पाहत राहिलो, कारण आता मला दुसरे काही दिसतच नव्हते. दहा किलोमीटरवाले परत येऊ लागले होते. कितीतरी पावले आत पडत होती. तरुणांची, पोलिसांची, एका थोराड व्यापाऱ्याची. एवढी वर्षे मी या माणसांत राहिलो आणि त्यांच्या चालीतले काहीच पाहिले नाही, या विचाराने मी गांगरून गेलो.

एकवीसवाले येऊ लागले. एकेक जण. सूनबाई नव्हती. मुलगा घड्याळ पाही, मी त्याच्याकडे पाही. मग पाण्याच्या बाटल्या वाहणारी एक गाडी फाटकातून आत आली आणि तिच्या मागच्या फळीवर सूनबाई बसली होती. पाय खाली सोडून. बूट पायात नव्हते, मांडीवर होते.

"काय झालं?" मुलगा धावला.

"काही न्हाई. अकराव्याला कळ आली. थांबले." ती स्वतःच्या पायांनी खाली उतरली. चेहरा घामाने, धुळीने माखलेला. तिने माझ्याकडे पाहिले. "अकरा झाली, मामंजी. दहा राहिली." मग पिशवी घेण्यासाठी तिने दोन्ही हात मोकळे केले आणि सहज, कुणाही घरच्या माणसाकडे द्यावेत तसे बूट माझ्या हातात दिले. "धरा जरा."

भर मैदानात, ओळखीच्या माणसांत, मी सुनेचे बूट हातात धरून उभा राहिलो. आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी नमस्कार करायला पुढे आला आणि माझ्या हातांकडे पाहून अर्ध्यात वाकलेलाच राहिला. मी बूट उलटे केले. उजव्या बुटातली ती कातड्याची पाचर दबून, पसरून पानासारखी पातळ झाली होती.

परतताना सूनबाईने मुलाला वारंगा फाट्यावर गाडी थांबवायला लावली. ती अनवाणीच छपरापर्यंत गेली आणि पोत्यावर बसली.

"किती?" कारागिरांनी विचारले.

"अकरा."

त्यांनी बूट घेतला, पातळ झालेल्या कातड्याला नख लावून पाहिले. "हे कातडं गुरुजींच्या वहानेला दोन सालं टिकतं, बाई," ते म्हणाले. "तुमी एका सकाळीच खाल्लं." त्यांनी तिच्या पायाकडे पाहिले ते मात्र आदराने. "हाड?"

"शाबूत आहे. नवे बूट दिवाळीनंतर येतील. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा धावेन." आणि मग तिने माझ्याकडे न पाहता म्हटले, "ते मामंजींपासून लपवून ठेवावे लागतील."

"न्हाई," कारागीर म्हणाले, "आदी माज्याकडं आनून दाखवा, मंग गुरुजींना."

दोघेही हसले. मला हसू आले नाही, पण जायचेही मन होईना. माझ्या डाव्या वहाणेची टाचेखालची पट्टी एका बाजूने सुटली होती. ती मी काढून त्यांच्यापुढे ठेवली. सवयीने पाय बाकाकडे वळले. मग मी थांबलो, सूनबाईने पोत्यावर बाजूला सरकून जागा केली तिथे बसलो, आणि ते रापी कशी धरतात, पट्टी नेमकी कुठे लावतात, ते पहिल्यांदा पाहिले.